शाई वाळते कशी?

दोस्तांनो, चला, आज तुम्हाला अकोल्याहून अमरावतीला घेऊन जाते. अंतर असेल सुमारे शंभर किलोमीटर. पण मला हा प्रवास करावा लागला तो एका गुणासाठी. माझ्या नव्हे हं, माझ्या विद्यार्थिनीच्या!

त्याचं असं झालं. पाचवीच्या चाचणीत मी प्रश्न घातला होता, 'प्लास्टिकमधून वीज वाहते का?' एका मुलीने लिहिलं, 'साध्या प्लास्टिकमधून नाही, पण काही प्लास्टिकमधून वाहते.' मी लाल शाईने फुली मारली आणि एक गुण कापला. पेपर हातात पडताच ती टेबलाशी येऊन उभी राहिली. "बाई, माहा दादा त म्हनते का काही प्लास्टिकातून वीज जाते. तो अमरावतीले शिकते."

मी म्हटलं, "ठीक आहे. मीच जाऊन विचारते दादाला."

एप्रिलमधला शनिवार होता. सकाळची शाळा सुटल्यावर आधी अकोल्यातल्या एका छपाईच्या दुकानात गेले. भाच्याच्या लग्नाच्या पत्रिका घ्यायच्या होत्या. तिथले काका जाळीतून छपाई करतात. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते. हवी तेवढीच अक्षरं उघडी ठेवून बाकीची जाळी बंद करतात. वर शाई ओतायची आणि रबराची पट्टी एका दमात ओढायची की खाली पत्रिका तयार! मला तर गंमतच वाटली. काका मात्र घाम पुसत म्हणाले, "बाई, छापनं सोपं हाय, वायवनं कठीन. या उन्हात शाई जायीतच वायते, अन् पावसायात कागदावरही वायत नाही."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा बरं का. पुढे कामाला येणार आहे.

दुपारी एस. टी. धरली. बोरगाव मंजू मागे पडलं, मूर्तिजापूर आलं. बाहेर काळ्या शेतांना उन्हाने भेगा पडलेल्या आणि आमच्या खाली गुळगुळीत रस्ता. हा रस्ता साधासुधा नाही! जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेवर डांबरी थर घातला गेला, तोही सलग 105 तास 33 मिनिटांत. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. यंत्र पुढे सरकत राहतं आणि मागे सारख्या जाडीचा थर पसरत जातो. कुठे जाड, कुठे पातळ झाला तर रस्ता खराब. तेव्हा मला कुठे ठाऊक होतं की अमरावतीला मला याच गोष्टीचं अगदी चिमुकलं रूप भेटणार आहे!

बडनेरा ओलांडून अमरावतीला पोचले. दादा मला त्याच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. त्याने आधी प्लास्टिकची एक साधी पट्टी ठेवली आणि मीटरच्या दोन तारा तिला टेकवल्या. काहीच नाही. मग काचेची पट्टी आणली. तिच्यावर गडद हिरवा थर होता. तारा टेकवल्या आणि मीटरवर आकडा हलला! माझी लाल फुली माझ्या डोळ्यांसमोर नाचू लागली.

हा हिरवा थर पॉलिअॅनिलीनचा. आम्लात तो हिरवा असतो आणि वीज वाहू देतो. अल्कलीत टाकला की निळा होतो आणि वीज जवळजवळ थांबते. हळदीला साबण लागला की ती लाल होते ना, तसाच हा रंगबदल. अमरावतीत अशा प्लास्टिकवर संशोधनही झालं आहे. त्याचाच भाऊ असलेलं पॉलिपायरोल वापरून कार्बन डायऑक्साइड वायू ओळखणारा संवेदक इथल्या संशोधकांनी बनवला. त्यावरचा त्यांचा निबंध 2008 मध्ये प्रसिद्ध झाला.

या सगळ्याची सुरुवात कशी झाली, ठाऊक आहे? एका चुकीतून! 1967 मध्ये जपानमध्ये हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एका प्रयोगात एक रसायन हजार पट जास्त पडलं. काळी भुकटी मिळायची, तिथे चांदीसारखा चमकता पापुद्रा मिळाला. पुढे 1977 मध्ये शिराकावा, अॅलन मॅकडायर्मिड आणि अॅलन हीगर यांनी अशा पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली. त्याची वीजवाहकता सुमारे एक कोटी पट वाढली. या तिघांना 2000 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता छपाईकडे वळू. संगणकाच्या चिपमध्ये सिलिकॉन असतं. ते वितळायला 1414 अंश सेल्सियस उष्णता लागते आणि त्याच्या चकत्या काचेसारख्या ठिसूळ असतात. पण कार्बनच्या रेणूंपासून बनलेले काही अर्धवाहक द्रवात विरघळतात. म्हणजे त्यांची शाई होते! ती प्लास्टिकच्या मऊ कागदावर छापता येते आणि तो कागद वाकवला तरी चालतो. जाळीतून छापतात, संगणकाच्या प्रिंटरसारखे थेंब सोडूनही छापतात. वर्तमानपत्रासारखी लांबलचक गुंडाळी फिरवत, रस्त्यावरच्या डांबरासारखा सलग थर घालण्याचीही पद्धत आहे. फक्त हा थर बहुतेक वेळा 100 नॅनोमीटरच्या आसपास असतो. असे सुमारे आठशे थर एकावर एक ठेवले, तर आपल्या एका केसाची जाडी होईल. आपल्या देशातही आयआयटी कानपूरमध्ये लवचिक इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय केंद्र आहे.

मी दादाला विचारलं, "मग यात कठीण काय आहे?"

दादा हसून म्हणाला, "वाळवणं!"

मला छपाईवाले काकाच आठवले. वीज एका रेणूवरून दुसऱ्या रेणूवर उड्या मारत जाते. रेणू प्रार्थनेच्या रांगेसारखे नीट उभे असतील, तर उड्या सोप्या. शाई फार भराभर वाळली की रेणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही. दाटीवाटीत जो जिथे आहे, तो तिथेच अडकतो. वाळताना सगळं द्रव्य कडेला गेलं, तर मधला भाग रिकामा राहतो. म्हणून किती उष्णता द्यायची, कोणता द्रव वापरायचा, छापण्याचा वेग किती ठेवायचा, हे सगळं जपावं लागतं. एवढं करूनही हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओलाव्याने हे थर बिघडतात. म्हणून त्यांना वरून बंद करून ठेवावं लागतं.

तुम्हीही एक प्रयोग करा. स्टीलच्या ताटलीत काळ्या कॉफीचा एक थेंब ठेवा आणि वाळू द्या. डागाची कड गडद आणि मधला भाग फिका दिसेल. कड लवकर वाळते, म्हणून मधलं पाणी तिकडे धावतं आणि कॉफीचे कण सोबत घेऊन जातं. शिकागोच्या शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये हे कारण सांगितलं. कण न वाहता सारखे पसरावेत म्हणून छपाईवाले शास्त्रज्ञ आजही झटत आहेत. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. घरातल्या वायरीवरचं प्लास्टिक वीजरोधकच आहे, त्याच्याशी प्रयोग मुळीच करायचा नाही!

रात्रीच्या गाडीने परत आले. सोमवारी वर्गात तो पेपर मागितला आणि सगळ्यांसमोर फुली खोडून एक गुण वाढवला. म्हटलं, "चूक हिची नव्हती, माझी होती."

ती मुलगी लाजली. मग हळूच म्हणाली, "बाई, दादाले सांगू का?"

"सांग की! आणि हेही सांग, की पुढच्या वेळी बाई वर्गातल्या सगळ्यांना घेऊन येणार आहेत."