सासर-माहेरामधले बाळ

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत ग्रामीण महाराष्ट्रात अजून टिकून आहे, आणि आशा स्वयंसेविकेच्या, म्हणजे २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने साधारण हजार लोकवस्तीमागे गावातूनच निवडलेल्या कार्यकर्तीच्या, कामातली सर्वांत चिवट अडचण याच रीतीतून निर्माण होते. गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात होते, प्रसूती माहेरच्या ग्रामीण रुग्णालयात, आणि बाळ फारच कमी वजनाचे निघाले तर ते जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात जाते. मात्र तेथून घरी सोडल्याची बातमी नेमक्या कोणत्या आशेला कळवायची, हे कोणालाच ठाऊक नसते.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील प्रयोगातून घरोघरीच्या नवजात बालसेवेचा पाया घातला गेला, आणि पुढे देशभर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीच्या गृहभेटी ठरल्या. त्यांतली शेवटची भेट आणि दीड महिन्याची लस एकाच सुमारास येतात, आणि सव्वा महिना उलटल्यावर अनेक घरांत बाळंतिणीला सासरी पोचवण्याची घाई सुरू होते ती नेमकी त्याच दिवसांत, त्यामुळे माहेरची आशा 'गेली' म्हणते, सासरची 'आली नाही' म्हणते, आणि दोन्ही वह्या आपापल्या परीने खऱ्या असतात. मोबाइल अ‍ॅपने हे सुटेल असे सांगणाऱ्यांनी अ‍ॅप भरले आणि भेट झाली यांतला फरक पुसून टाकला आहे. पूर्वीच्या बैठकीत बाळ कोठे आहे हे विचारत, आता रकाना का रिकामा हे विचारतात.

ही दरी आजवर जी काही बुजली ती जुन्या कार्यकर्तींच्या डायरीने, ज्यात शेजारच्या तालुक्यांतील आशांचे आणि वॉर्डातल्या सिस्टरांचे फोन क्रमांक असतात. प्रस्तुत लेखिका गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या एका गटाची देखरेख करणारी. तिने निवृत्तीच्या तोंडावर ही डायरी नव्या प्रवर्तकेला उतरवून देताना बरेच दिवस टाळाटाळ केली, कारण आवाज ऐकताच सिस्टरने नावाने ओळखावे, यात सेवाभावाइतकाच मिरवण्याची हौसही होती. डायरी आता दिली आहे. परंतु एका गावच्या आशेने दुसऱ्या गावच्या आशेकडे बाळ सोपवणे हे काम कोणाच्या खासगी ओळखींवर न ठेवता शासनाने मोबदल्याच्या यादीत घालावे.