आकांक्षा कुणाची?

शब्दांच्या समूहाला वाक्यपण कशाने येते, या प्रश्नाला आपल्या परंपरेने तीन निकष दिले आहेत : आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. विश्वनाथ 'साहित्यदर्पणा'त तिसऱ्या निकषाला आसत्ती म्हणतो, पण आशय तोच. नुसता 'गाय' हा शब्द ऐकला की ऐकणाऱ्याच्या मनात काहीतरी अपुरे राहते, पुढे काय याची उत्सुकता लागते, ही आकांक्षा. 'विस्तवाने झाड शिंपले' असे म्हटले तर अपेक्षित शब्द आले खरे, पण विस्तवाला शिंपण्याची पात्रता नाही. म्हणजे योग्यता नाही. आणि 'देवदत्त' हा शब्द आज उच्चारला व 'जातो' हा उद्या, तर आकांक्षा आणि योग्यता असूनही वाक्य होत नाही, कारण संनिधी नाही. साहित्यशास्त्राच्या तासाला हे निकष शिकवताना गेली काही वर्षे मी एक उदाहरण देतो. ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडणार नाही. ते आहे प्रो कबड्डी लीगच्या लिलावाचे.

उदाहरण मी शोधले असे म्हणण्यापेक्षा ते वर्गातून माझ्याकडे आले, असे म्हणणे अधिक योग्य. नाशिकच्या आमच्या महाविद्यालयात सिन्नर, निफाड, दिंडोरीकडून येणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या गावात तालीम किंवा कबड्डी मंडळ असते. लिलाव जवळ आला की वह्यांच्या शेवटच्या पानांवर याद्या उमटू लागतात. कोणता संघ कुणाला घेणार, याचे भाकीत. ही भाकिते म्हणजे नुसती आवडनिवड नसते. त्यांना एक शिस्तशीर तर्क असतो, आणि तो तर्क मला आमच्या वाक्यविचाराच्या फार जवळचा वाटला.

तर्क असा. कबड्डीत बचाव करताना सात जणांच्या सात जागा असतात. दोन टोकांना डावा आणि उजवा कोपरारक्षक, आतल्या बाजूला मध्यरक्षक, आणि या साखळीतच चढाईपटूही उभे. लिलावापूर्वी प्रत्येक संघ कायम ठेवलेल्या खेळाडूंची यादी जाहीर करतो. ती यादी म्हणजे अर्धवट वाक्य. कोणती जागा रिकामी आहे हे पाहिले की संघाची आकांक्षा कळते. ती जागा कोण पेलू शकेल, ही झाली योग्यता. आणि त्या खेळाडूचे नाव पुकारले जाईल त्या क्षणी संघाच्या थैलीत पैसे शिल्लक असतील का, ही झाली संनिधी. २०२३ साली प्रत्येक संघाला एकूण ५ कोटी रुपयांची मर्यादा होती आणि खेळाडूंच्या चार श्रेणींच्या पायाभूत किमती ३०, २०, १३ आणि ९ लाख होत्या. त्याशिवाय जुन्या संघाला शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन आपला खेळाडू परत घेण्याची मुभा होती. एवढी सामग्री हाती असली की भाकीत करता येते.

त्या वर्षीचे पुणेरी पलटणचे वाक्य तर पाठ्यपुस्तकी नमुना म्हणावा असे होते. डिसेंबर २०२२ मध्ये पलटण प्रथमच अंतिम सामन्यात पोचली आणि जयपूर पिंक पँथर्सकडून ३३-२९ अशी हरली. त्या हंगामात डावा कोपरा सांभाळणारा इराणचा फझल अत्राचली पुढच्या वर्षी कायम ठेवलेल्यांच्या यादीत नव्हता. यादीत चढाईसाठी अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते होते. मध्यरक्षक म्हणून संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन होते. उजव्या कोपऱ्याला गौरव खत्री होता. डावा कोपरा तेवढा रिकामा. वर्गातल्या बहुतेक वह्यांत एकच नाव होते : मोहम्मदरेझा शादलुई, तोही इराणचाच.

लिलाव आशियाई स्पर्धेमुळे लांबून ९ आणि १० ऑक्टोबरला मुंबईत झाला. त्याच्या दोनच दिवस आधी हांगझोऊ येथे भारताने इराणला ३३-२९ असे हरवून सुवर्णपदक मिळवले होते. त्या भारतीय चमूत पलटणचे अस्लम आणि आकाश होते, समोर शादलुई होता. पलटणने त्याच शादलुईला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. म्हणजे आपल्या एकूण मर्यादेच्या जवळजवळ निम्मी रक्कम एका जागेवर लावली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून पलटणने आपले पहिले विजेतेपद मिळवले, आणि त्या हंगामात पकडीचे सर्वाधिक गुण शादलुईच्याच नावावर होते. पुढच्या लिलावात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले आणि डिसेंबर २०२४ मध्ये विजेतेपदही पटकावले, तेही पुण्याच्या बालेवाडीत. २०२५ साली तो गुजरात जायंट्सकडे गेला, २ कोटी २३ लाखांना. तीन वर्षे, तीन संघ आणि तीन रिकामे कोपरे. गरजेवरून केलेले भाकीत पोकळ असते असे म्हणण्याची सोय या माणसाने ठेवलेली नाही.

तरीही या वह्या चाळताना मला एक गोष्ट खटकत राहिली. ज्या संघाने विजेतेपद मिळवले त्याचा कर्णधार अस्लम इनामदार हा आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. आकाश शिंदे आमच्या नाशिकचा. यांच्यासाठी त्या लिलावात कुणी बोली लावली नाही, कारण ते लिलावात नव्हतेच. तरुण खेळाडूंना थेट करारबद्ध करण्याची जी वेगळी वाट लीगने ठेवली आहे, तिथून ते आले आणि संघातच वाढले. भाकिताच्या वहीत त्यांची नावे 'जागा भरलेली' एवढ्याच अर्थाने आली. उणिवेवरून वाचणारा वाचक जे आहे ते गृहीत धरतो आणि जे नाही त्याच्याभोवती सगळी बुद्धी खर्च करतो. आकाशवर आमच्या मुलांचे प्रेम आहे, त्याची चढाई ती पुन्हा पुन्हा पाहतात; पण भाकिताच्या पानावर त्याच्याविषयी लिहिण्यासारखे त्यांना काही उरत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. २०२३ च्या लिलावासाठी पाचशेहून अधिक खेळाडूंची नावे होती. संघ बारा, प्रत्येकी जास्तीत जास्त पंचवीस जण. त्यातही अनेक जागा आधीच भरलेल्या. हिशेब सरळ आहे. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली होती, १२ लाख ८० हजारांची. २०२३ साली तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. नऊ वर्षांत शिखर वीसपट उंच झाले. ही वाढ मी कमी लेखत नाही. मातीत खेळणाऱ्या या खेळाला इतका पैसा कधी मिळाला नव्हता. पण आधीच्या पिढीतला चांगला कबड्डीपटू रेल्वेत, पोलिसांत, बँकेत, एअर इंडियात किंवा भारत पेट्रोलियममध्ये लागत असे. तिथेही संघातली रिकामी जागा बघूनच भरती होई. मात्र एकदा लागला की गुडघा गेल्यावरही नोकरी राही. वाक्यातून शब्द वगळला तरी त्याला कोशात घर होते. लीगच्या करारात ते घर नसते.

माझा एक विद्यार्थी चार वर्षांपूर्वी पदवीधर झाला. निफाड तालुक्यातला, उजवा मध्यरक्षक. जिल्ह्याकडून राज्य अजिंक्यपद स्पर्धेत खेळलेला. एका संघाच्या निवड चाचणीला गेला, दोन दिवस तिथे राहिला, परत आला. निवड झाली नाही हे त्याच्या चालण्यावरूनच कळले. मी विचारले, "काय रे, पकडी चुकल्या का?" तो म्हणाला, "नाही सर, पकडी चांगल्या झाल्या. त्यांच्याकडे उजव्या मध्याला आधीच दोन जण आहेत. माझी जागा भरलेली होती." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्याला तो तर्क मान्यच होता. वर्गात याद्या करताना तोच इतरांना तो समजावून सांगत असे. मला मात्र ते वाक्य त्याच्या तोंडून ऐकणे जड गेले. आपण नाकारले गेलो आणि तरीही आपल्यात काही उणे नव्हते, ही गोष्ट बावीस वर्षांच्या मुलाने इतक्या शांतपणे सांगावी, याने मी अस्वस्थ झालो.

अस्वस्थतेचे कारण माझ्या आयुष्यातही आहे. महाविद्यालयीन अध्यापकांना रोस्टर हा शब्द खेळातून कळलेला नसतो. तो आपल्याला कळतो बिंदुनामावलीतून, कार्यभाराच्या तक्त्यातून. सलग नऊ वर्षे मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. एप्रिलमध्ये तास संपत आणि जूनमध्ये किती मुले मराठी घेतात, यावर माझे वर्ष ठरे. एका जूनमध्ये विभागप्रमुखांनी सांगितले, "तुमचा ग्रामीण साहित्याचा अभ्यास चांगला आहे, सर, पण आपल्याला माणूस हवाय भाषाविज्ञानाला." मी भाषाविज्ञानाची पुस्तके घरी नेली आणि महिनाभरात शिकवायला उभा राहिलो. पुढे तोच विषय माझा झाला. आज विद्यार्थी मला त्याच विषयाने ओळखतात. तेव्हा गरज माणसाला नुसती वापरते असेही म्हणता येत नाही. ती कधी कधी माणूस घडवते. पण ग्रामीण साहित्यावर जो प्रबंध मला लिहायचा होता तो लिहिला गेला नाही, आणि त्याची नोंद कोणत्याही कार्यभारात नाही.

इथे पुन्हा विश्वनाथाकडे जावेसे वाटते. आकांक्षेचे स्वरूप सांगताना तो ती श्रोत्याच्या जिज्ञासेच्या रूपाची आहे असे म्हणतो. हे फार महत्त्वाचे आहे. आपण सैलपणे म्हणतो की शब्दाला शब्दाची आकांक्षा असते. प्रत्यक्षात ती ऐकणाऱ्याच्या मनात असते. रिकामा डावा कोपरा हा संघाच्या वाचनातला रिकामेपणा आहे. त्यावरून खेळाडूविषयी एवढेच कळते की तो त्या वाचनात बसतो की नाही. आणि मराठीत याच शब्दाचा रोजचा अर्थ अगदी उलट दिशेने जातो. एखाद्या मुलाची आकांक्षा म्हणजे त्याला काय व्हायचे आहे ते. एकाच शब्दात दोन बाजू आहेत : मागणाऱ्याची आणि होऊ पाहणाऱ्याची. लिलावाचे भाकीत पहिल्या बाजूने केले जाते, आणि अचूकही येते. दुसऱ्या बाजूची यादी कुणी करत नाही, कारण तिला श्रेणी नाही, पायाभूत किंमत नाही.

म्हणून गेल्या दोन वर्षांपासून वर्गात मी एक वाढीव स्वाध्याय देतो. संघांच्या गरजांवरून भाकीत करा, पण त्याच पानाच्या दुसऱ्या अर्ध्यात तुमच्या गावच्या मंडळातला एक खेळाडू घ्या आणि तो तीन वर्षांनी काय होऊ शकेल ते लिहा. कोणत्याही संघाचे नाव न घेता. पहिले अर्धे पान भराभर भरते. दुसऱ्या अर्ध्यावर पेन थांबते. मुले विचारतात, "सर, पण तो कुठे बसणार हे कळल्याशिवाय कसं लिहायचं?" प्रश्न प्रामाणिक आहे. व्यक्तिचित्र शिकवताना आपण हाच प्रश्न सोडवायचा असतो, आणि बहुधा आपणही पात्राचे कथानकातले स्थान सांगून मोकळे होतो. नायकाचा मित्र, खलनायकाची बहीण. जागा सांगितली की माणूस सांगून झाला असे आपल्याला वाटते. हे लिहिताना माझ्या नजरेसमोर माझे सहकारी अध्यापक आहेत, आणि मीही.

निफाडचा तो विद्यार्थी परवा भेटला. सकाळी शेत, संध्याकाळी सराव असा त्याचा दिवस आहे. आता तो डावा कोपरा शिकतो आहे. आयुष्यभर उजवीकडून झेपावलेल्या अंगाला डावीकडून घोटा पकडायची सवय लावणे सोपे नाही. खांदा दुखतो, पाय चुकतो. मी कारण विचारले तर म्हणाला, "सर, चांगले डावे कोपरे कमी आहेत. सगळ्यांना तेच लागतात." त्याचा हिशेब बरोबर आहे. मी त्याला शाबासकी दिली, आणि ती मनापासून होती. भाषाविज्ञानाची पुस्तके घरी नेणाऱ्या माणसाने दुसरे काय करावे? मग तो जायला निघाला तेव्हा मी विचारले, "आणि उजव्या मध्याचं काय?" तो हसला. "गावात खेळतो ना, सर. तिथं ती जागा माझीच आहे."