कोणत्या बोअरची रायफल?

डेन्व्हरला बिऱ्हाड थाटल्यापासून दर पानगळीत एकच वाद माझ्या कानी पडतो: एल्कसाठी रायफल कोणत्या बोअरची घ्यावी? एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. भरलेला नर ३०० किलोंच्या आसपास. कोलोरॅडोचा नियम एवढेच सांगतो, की बोअर निदान ०.२४ इंच हवा, गोळी निदान ८५ ग्रेनची व लागताच पसरणारी हवी आणि १०० यार्डांवर तिचा जोर १००० फूट-पौंड तरी असावा. पुढचे ज्याचे त्याने ठरवायचे!

माझा परवाना निघाला तेव्हा दुकानदाराने .३०० विंचेस्टर मॅग्नम पुढे केली. "मोठे जनावर, मोठी बंदूक!" शेजारीच थर्टी-ऑट-सिक्स होती, तिचे काडतूस अमेरिकन लष्कराने १९०६ साली स्वीकारलेले, तर मॅग्नमचे १९६३ सालचे. गंमत अशी, की दोन्हींच्या गोळीची जाडी एकच. मॅग्नममध्ये दारू अधिक, म्हणून वेग अधिक आणि खांद्याला धक्काही अधिक. चांदमारीवर दोन्ही झाडून पाहिल्या. मॅग्नमच्या तिसऱ्या बारापासून चाप ओढण्याआधीच माझे डोळे मिटू लागले. थर्टी-ऑट-सिक्सच्या गोळ्या मात्र एका बशीएवढ्या वर्तुळात बसत होत्या.

मी तीच घेतली. वाचकहो, एल्कची फुप्फुसे पुढच्या खांद्यामागे असतात. तिथे बसलेली मध्यम गोळी त्याला लवकर पाडते. पोटात घुसलेली भारी गोळी त्याला रात्रभर रानात तळमळत ठेवू शकते. जीव घ्यायचाच, तर डोळे उघडे ठेवून घ्यावा. एवढे तरी आपण त्या जनावराचे देणे लागतो.