माती उतरवणे

मराठीत भांडं घासतात. घर स्वच्छ करतात, कपडे धुतात. भांडं मात्र चिंचेनं, राखेनं घासून लखलखलं तरच ते घासलं म्हणायचं. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात आमटी ठेवली की ती कळकते. कळकणं, कळकट, कलंक ही सगळी एकाच घरातली मंडळी वाटतात. भांड्यावरचा हिरवा डाग आपल्याकडे घरच्या बाईच्या अब्रूवर जातो.

जमिनीत सापडलेल्या धातूच्या भांड्यांची निगा कशी राखावी, यावरची एक इंग्रजी पुस्तिका अनुवादासाठी माझ्याकडे आली. तिची पहिलीच सूचना होती : घासू नका. त्याच सुमारास करवीर तालुक्यात आत्याच्या परसात न्हाणीघराचा पाया खणताना एक तांब्या आणि एक पळी निघाली. भाच्यानं फोटो पाठवला. फोटोत तांब्याशेजारी चिरलेलं लिंबू आणि मिठाची वाटी होती.

मी लगेच फोन लावला. "आत्या, लिंबू लावू नकोस."

"मग काय, तसंच कळकट ठिवू? कुणाचं तरी पोट भरलंय त्यातनं."

तिच्या म्हणण्याला उत्तर द्यायला मला रसायनशास्त्राची मदत घ्यावी लागली. जमिनीत तांब्याचा वरचा थर हळूहळू हिरव्या क्षारांत बदलतो. भांड्याचा मूळ पृष्ठभाग, त्यावरचे हातोडीचे ठोके, कोरलेली नक्षी, कुणी घातलेलं नाव, हे बहुतेकदा त्या बदललेल्या थरातच उरलेलं असतं. लिंबा-चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं. चकाकी येते आणि नाव जातं. मीठ त्याहून वाईट. त्यातलं क्लोराइड आत मुरलं की दमट हवेत फिकट हिरवी भुकटी पडत राहते आणि भांडं आतून पोखरलं जातं. म्हणून जाणकार भिंगाखाली मऊ ब्रश किंवा बांबूची काडी घेऊन काम करतात आणि वस्तू कोरडी ठेवतात.

वयाचा पुरावाही असाच नाजूक. तांब्यात कार्बन नसतो. मात्र बुडाला चिकटलेल्या काजळीत असतो, आणि तिचं वय काढता येतं. घासणीखाली पहिली जाते ती काजळीच. पितळेत २८ टक्क्यांहून बरंच जास्त जस्त निघालं, तर ते वेगळं काढलेलं जस्त मिसळून केलेलं असणार. घाट, सांधा, चरकावर फिरवल्याच्या गोल रेषा यांवरूनही अंदाज बांधता येतो. पण सगळ्यांत मोठी साक्ष मातीची.

आत्याला मी तिच्याच गावाजवळचं उदाहरण दिलं. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला १९४०च्या दशकात रोमन घडणीचा ब्राँझचा जग आणि समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती सापडली. घाटावरून जग इटलीकडचा हे कळलं, आणि सातवाहनकालीन वस्तीच्या थरामुळे तो कोणत्या काळात इथल्या घरात होता हेही. कुणी तो नुसता उचलून, उजळून फळीवर ठेवला असता, तर एक सुबक जग तेवढा उरला असता.

शेवटी कायद्याचं सांगितलं. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. निखात म्हणजे पुरलेलं. "दहा रुपयं?" आत्या हसली. "लिंबूच तेवढ्याला येतंय." पण अर्ज तिनं स्वतः सही करून दिला. किती खोल आणि भिंतीपासून किती हातांवर सापडलं, हेही भाच्याकडून लिहवून घेतलं.

पुस्तिकेत 'क्लीनिंग'साठी मी 'माती उतरवणे' असं लिहिलं. संपादकांना ते बोलीतलं वाटलं, त्यांनी 'स्वच्छता' सुचवलं. मी माझा शब्द सोडला नाही. आपल्याकडे दृष्ट उतरवतात, आणि ती उतरवताना माणसाला हात लावत नाहीत.