फुकटाची किंमत

2024 च्या श्रावणात दोन कागद आमच्या घरी येऊन पडले आणि घराची झोप उडाली. एक होता शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या जागेचा. दुसरा परप्रांतातल्या एका नामांकित खाजगी संस्थेचा.

पहिल्यामागे त्याच वर्षीचा सरकारी निर्णय उभा होता. आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास वर्गांतल्या ज्या घरांचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, तिथल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ! तासिका तत्त्वावर मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला आठ लाख ओलांडण्याचे भय कधीच नव्हते. दुसऱ्या कागदावरचा आकडा मात्र मी दोनदा वाचला. शून्ये मोजण्यात चूक झाली असेल, या आशेने.

तरीही, खरे सांगतो, माझा जीव दुसऱ्याच कागदात अडकला होता. तिथल्या प्रयोगशाळा चांगल्या, नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या दाराशी येतात, हे मी बायकोला पटवीत होतो. फुकट मिळते ते हलके, अशी आपली जुनी समजूत. पोशेऱ्याला आमचे वडिलोपार्जित दीड एकर वरकस आहे. ते विकायचे ठरवून मी मुलीला घेऊन मोखाड्याच्या एस.टी.त बसलो.

आईने सारे निमूटपणे ऐकले. म्हणाली, “विक बाबा, जमीन तुझीच आहे. पण त्या शाळेत वेगळी विद्या कोणती शिकवतात, तेवढं सांग.”

बोलण्यावर पोट भरणारा मी. पण उत्तर सुचेना. मुलगीच म्हणाली, “गणित दोन्हीकडे तेच आहे, बाबा. नाव तुम्हांला हवंय.”

मी ओटीवर जाऊन बसलो. समोरच्या उतारावर बाया नागलीची बेणणी करीत होत्या. दिवाळी सरली की इथली कितीतरी घरे वीटभट्ट्यांची वाट धरतात. त्या बायांच्या साबणावर, काडेपेटीवरही कर असतोच. म्हणजे माझ्या मुलीची ‘फुकट’ फी भरणाऱ्यांत त्याही होत्या! पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1854 साली निघाले, ते सार्वजनिक बांधकामांसाठी माणसे तयार व्हावीत म्हणून. 1983 नंतर राज्यात विनाअनुदानित महाविद्यालये निघाली. जागा वाढल्या, आणि फी ही बापाची ऐपत मोजण्याचे माप झाली. माझ्या हातातही तेच माप होते.

वरकस राहिले. मुलगी सरकारी महाविद्यालयात गेली. वसतिगृहाचे, खानावळीचे पैसे लागतातच. ते ओढाताण करून पाठवतो.

पहिले वर्ष संपवून ती मे महिन्यात पोशेऱ्याला आली. एवढ्या पावसाच्या या मुलखात उन्हाळ्यात बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. संध्याकाळी पाहिले, तर ती वही घेऊन आजीजवळ बसली होती. विचारीत होती, “विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात तळाला जातं गं?”

आजी आठवून आठवून सांगत होती, आणि नात लिहून घेत होती.