तीन मिनिटं फक्त ऐकायचं

३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा पट्टा भूकंपानं हादरला, तेव्हा मी सोलापुरात नोकरीला होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. मी मूळचा धाराशिव जिल्ह्यातल्या उमरग्याचा. घरी फोन लावतोय तर लागेना. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना असलेले आम्ही काहीजण बॅटऱ्या, संच आणि तारेची भेंडोळी घेऊन हैदराबाद रस्त्याला लागलो.

दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. एवढं वजन झोपेतल्या माणसांवर आलं होतं. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला सांगायचंय ते रेडिओवर कसं बोलायचं आणि कसं गप्प राहायचं याबद्दल.

लिंबाच्या दोन झाडांमध्ये वीसेक मीटर तार ताणली की सात मेगाहर्ट्‌झवर पुणे, मुंबई, हैदराबाद मिळायचं. गावागावांत गेलेल्या पोरांकडे हातातले व्हीएचएफ संच होते, जेमतेम दोन-तीन वॅटचे. आमच्यातले एक काका व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. सगळ्या संदेशांचं नियंत्रण, म्हणजे नेट कंट्रोल, त्यांच्याकडेच गेलं. त्यांनी पहिला नियम घातला : दर तासाला आणि अर्ध्या तासाला तीन मिनिटं कुणीही बटण दाबायचं नाही.

हा नियम समुद्रावरचा. जहाजाच्या रेडिओ खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर लाल आणि हिरव्या पट्ट्या रंगवलेल्या असत. लाल पट्टीत ५०० किलोहर्ट्‌झवर आणि हिरवीत २१८२वर सगळ्या जहाजांनी गप्प राहायचं, म्हणजे बुडणाऱ्याची हाक ऐकू येईल. १९९९मध्ये उपग्रहांवर आधारलेली नवी यंत्रणा पूर्ण लागू झाली आणि ती घड्याळं भिंतीवरच्या शोभेपुरती उरली.

‘माणसं ढिगाऱ्याखाली आहेत काका, आणि आपण गप्प बसायचं?’ आमच्यातला एकजण चिडून म्हणाला.

‘अरे, जो जोरात बोलतोय तो ऐकू येतोच,’ काका म्हणाले. ‘ज्याची बॅटरी संपत आलीय, त्याचं काय?’

यामागं शास्त्र आहे. व्हीएचएफवर एफएम पद्धतीनं बोलणं होतं आणि एफएममध्ये जोरदार लहर दुबळ्या लहरीला गिळून टाकते. दोघं एका वेळी बोलले, तर दुबळा बोलत होता याचा पत्ताही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. काळी माती ती, चाकाला धरली की सोडत नाही. साडेसहाच्या त्या शांततेत संचाच्या खरखरीत एक आवाज तुटक तुटक आला : जखमींना घेऊन निघालेला ट्रक गाडीवाटेवर रुतलाय. काकांनी आधी गावाचं नाव घेतलं, मग माणसं किती ते, आणि ऐकलेलं सगळं त्याला परत म्हणून दाखवलं. ‘बरोबर’ एवढंच कसंबसं आलं आणि त्याची बॅटरी संपली. ट्रॅक्टर गेला, ट्रक निघाला. त्या तीन मिनिटांत आमच्यापैकी कुणी औषधांची यादी वाचत असता, तर हे कळलंच नसतं.

आकड्यांची शिस्तही काकांचीच. ‘एकोणसाठ’ म्हणायचं नाही, ‘पाच, नऊ’ म्हणायचं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर खरखरीत सारखेच वाटतात, आणि सलाइनच्या बाटल्या दहानं कमी येणं परवडणारं नव्हतं. नाव अक्षर फोडून सांगायचं, गणपतीतला ग, घरातला घ. मृतांची नावं हवेवर उच्चारायची नाहीत, कारण कुणाचा तरी भाऊ शेजारी उभा राहून ऐकत असतो. ‘आज रात्री पुन्हा मोठा धक्का बसणार’ असल्या बातम्या तर अजिबात पुढं पाठवायच्या नाहीत. ती अफवा गावोगाव फिरत होती आणि आधीच उघड्यावर झोपणाऱ्या माणसांना आणखी घाबरवत होती.

आता माझा पुतण्या मुंबईत असतो. मित्रांबरोबर सुट्टीच्या दिवशी शिडाच्या बोटीतून मांडव्याकडं जातो. बोटीवर मरीन व्हीएचएफ आहे. एकदा मीही त्यांच्यासोबत गेलो, तेव्हा चॅनल १६वर कुणीतरी जेवायला कुठं भेटायचं याची लांबलचक चर्चा करत होतं. मला बसवेना. १५६.८ मेगाहर्ट्‌झचा हा चॅनल हाक मारण्यासाठी आणि संकटासाठी आहे. इथं दुसऱ्या बोटीला बोलवायचं, ती मिळाली की लगेच दुसरा चॅनल ठरवून तिकडं जायचं. जवळच्या बोटीशी बोलायला एक वॅट पुरतो, पंचवीस वॅटनं सगळं बंदर अडवू नये. आणि बोलण्याचं बटण आसनाखाली दबून राहिलं, तर आख्खा चॅनल मुका होतो. हे पोरांना ठाऊकच नव्हतं.

मी पुतण्याला एक कागद लिहून दिला आणि संचाशेजारी चिकटवायला लावला : मेडे तीन वेळा, बोटीचं नाव तीन वेळा, मग आपण कुठं आहोत, काय झालंय, माणसं किती, कसली मदत हवी. ओव्हर म्हणून बटण सोडायचं. दुसऱ्याची मेडे ऐकू आली तर आपण बोलायचं नाही, पेन घेऊन लिहायला लागायचं. किनाऱ्यावरून कुणी उत्तर दिलंच नाही, तर मात्र आपण द्यायचं आणि ती हाक पुढं पोचवायची.

‘काका, हे सगळं तिकडं धाराशिवात कुठं शिकलात? तिथं तर समुद्र नाही,’ त्याच्या मित्रानं विचारलं. मांडवा येईपर्यंत मी त्याला सास्तूरचं सांगत राहिलो.