गाडगं, वही, पाणी

गाडगं. कुंभाराकडचं, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. अस्थी घरात आणायच्या नाहीत, म्हणून परसातल्या झाडाला टांगायचं. फ्लॅटला परस नाही. आता स्मशानातल्याच लॉकरमध्ये ठेवतात, नाहीतर गाडीच्या डिकीत.

सावडणं. तिसऱ्या दिवशी राखेवर दूध-पाणी शिंपडायचं. मग पायांकडून डोक्याकडे वेचत जायचं. अंगठा आणि अनामिका, एवढीच दोन बोटं. गाडग्यात टाकताना आवाज होऊ द्यायचा नाही. वेचणाऱ्यांत एखादा जाणता असे. लाकडावर जळलेल्या हाडाला थोडाफार आकार उरतो. हा गुडघा, हा मणका, असं तो हलकेच सांगत जाई आणि थोरली सून मान फिरवी. विद्युतदाहिनीतून येतो तो ट्रे, नावाच्या चिठ्ठीसकट. दाहिनीविरुद्ध माझी तक्रार नाही, लाकूड वाचतं. पण सावडायला चार माणसं लागत. ट्रे ताब्यात घ्यायला एक पुरतो, आणि बाकीचे मग येतही नाहीत.

एसटीतला प्रवास. मुंडण केलेलं डोकं आणि मांडीवरचं गाडगं दिसलं की कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून वाद घालत नसे.

कावळा. त्याच्यावर सगळ्यांचं लिहून झालंय.

नामावळी. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगितलं की पान निघतं: पणजोबा कोणाच्या अस्थी घेऊन आले होते, कधी, सोबत कोण होतं. वह्या आहेत, उपाध्येही आहेत. मोडीतली जुनी पानं घडाघडा वाचणारे विरळ झालेत. आणि गाव कोणतं विचारलं, तर नातवंडं कोथरूडमधली सोसायटी सांगतात.

पाणी. हे यादीत येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. रामकुंड १६९६ सालचं. तिथल्या अस्थिविलय तीर्थात हाडं विरघळतात, अशी श्रद्धा. त्यासाठी कुठून कुठून लोक येतात. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथेच सोडला. २०१६च्या दुष्काळात मात्र कुंडच कोरडं पडलं आणि गुढीपाडव्याच्या स्नानासाठी टँकर मागवावे लागले. गोदावरीच्या पात्रात काँक्रीट ओतून कुंडांचे जिवंत झरे बुजवले, ही नदीप्रेमींची जुनी ओरड. ते काढा म्हणून कोर्टकचेऱ्याही झाल्या. अस्थी जिरवायची ती माती आणि वाहतं पाणी. सिमेंटवर त्या नुसत्या पडून राहणार.

परतीचा दंडक. आमच्याकडे नाशिक सोडल्यावर सिन्नर येईपर्यंत जमिनीचा विषय काढायचा नाही, असा नियम होता. सिन्नरला चहा व्हायचा, मग धाकटे काका घसा खाकरायचे आणि सगळे समजायचे. हल्ली घाटावरच, पंचे ओले असतानाच, सातबाराचे फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर जातात.